वाचक विचारतात : जनसुनावणी, पर्यावरण मंजुरी आणि दाद मागण्याचा हक्क

या महिन्यात आलेली बरीचशी पत्रे एकाच विषयावरची आहेत. कुणाच्या गावालगत खाण येते आहे, कुणाच्या ओढ्याला कारखान्याचे पाणी लागले आहे, आणि सर्वांचा मूळ प्रश्न एकच आहे की परवानगी देण्याच्या या कामात आमचे म्हणणे कुठे आणि कसे बसते. म्हणून वारस नोंदी व भाडेकराराचे प्रश्न पुढच्या अंकासाठी राखून ठेवून हे सदर मी यावेळी याच विषयाला देते आहे.

प्रश्न : स. न. वि. वि. आमच्या वाडीजवळ सहा हेक्टरांवर दगडखाण व खडी क्रशर प्रस्तावित आहे. जाहीर जनसुनावणीची नोटीस वर्तमानपत्रात आली. आम्ही तिघे जण रजा टाकून जिल्ह्याच्या ठिकाणी अहवाल पाहायला गेलो, तेव्हा चारशे पानांचा इंग्रजी ग्रंथ पुढे ठेवला गेला आणि झेरॉक्स मिळणार नाही असे सांगण्यात आले. सगळ्या गावाने एकमुखाने विरोध केला तर प्रकल्प थांबेल का? – एक आंबा बागायतदार, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : आपल्या शेवटच्या वाक्याचे उत्तर आधी देते, कारण गावोगाव लोकांची निराशा तिथेच होते. जनसुनावणी म्हणजे मतदान नव्हे. विरोधाचे हात किती आणि पाठिंब्याचे किती, याची मोजदाद करून तेथे निर्णय होत नाही. किंबहुना तेथे निर्णय होतच नाही. 14 सप्टेंबर 2006 च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेप्रमाणे सुनावणीचे आयोजन राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ करते, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा किमान अपर जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी असतो, आणि तेथे जे मांडले गेले त्याचे इतिवृत्त पुढे राज्यस्तरीय तज्ज्ञ मूल्यांकन समितीकडे व तिच्या शिफारशीवरून, मंजुरीचा निर्णय घेणाऱ्या राज्यस्तरीय प्राधिकरणाकडे जाते. त्या समितीतील माणसे आपल्या गावात आलेली असतीलच असे नाही. त्यांच्यासमोर आपले गाव म्हणजे ते इतिवृत्त आणि ध्वनिचित्रमुद्रण. त्यामुळे सभेत किती गर्दी होती याहून इतिवृत्तात काय उतरले, हे कितीतरी महत्त्वाचे आहे.

अहवालाविषयी. नोटीस आणि सुनावणी यांच्यात किमान 30 दिवस असलेच पाहिजेत, आणि त्या काळात आघात मूल्यांकनाचा मसुदा अहवाल जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र अशा ठिकाणी पाहण्यासाठी ठेवणे बंधनकारक आहे. संपूर्ण अहवाल मराठीत देण्याची सक्ती अधिसूचनेत नाही, ही तिची मोठी उणीव आहे असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र त्याचा सारांश राज्याच्या भाषेत असलाच पाहिजे, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर तो सहसा मराठीतही सापडतो. अहवाल पाहू दिला गेला नाही, अथवा तेथे मराठी सारांश नव्हता, तर त्याच दिवशी तसा अर्ज देऊन आवक शिक्का मारलेली प्रत जवळ ठेवावी. माहिती अधिकाराच्या उत्तराला 30 दिवस लागू शकतात, म्हणून तो अर्ज नोटीस छापून आल्याच्या आठवड्यातच जायला हवा.

आता इतिवृत्ताविषयी एक पाहिलेली गोष्ट सांगते. काही वर्षांपूर्वी कोकणातल्याच एका खाणीच्या सुनावणीला मी गेले होते. जानेवारी महिना, कलमांना मोहोर आलेला. एक वयस्कर बाई वर्तमानपत्रात गुंडाळून आंब्याची चार पाने घेऊन आल्या होत्या. जवळच्या जुन्या खाणीच्या धुळीचा थर त्या पानांवर इतका जाड होता की बोट फिरवल्यावर हिरवी रेघ उमटत होती. त्या म्हणाल्या, धूळ मोहोरावर बसते, फळधारणा होत नाही, आमचे कलम खाणीच्या कुंपणापासून दोनशे पावलांवर आहे आणि सुरुंग दुपारी लावतात तेव्हा वारा आमच्या दिशेने वाहत असतो. शेवटी इतिवृत्त वाचून दाखवले गेले, तेव्हा त्या सगळ्याचे एक वाक्य झाले होते : ‘ग्रामस्थांनी धुळीबाबत चिंता व्यक्त केली.’ त्या बाई उठून उभ्या राहिल्या आणि ‘मी असं नाही बोलले’ एवढेच म्हणाल्या. अध्यक्ष अधिकाऱ्यांनी लेखनिकाला थांबवले, आणि पावले, वारा, मोहोर, सुरुंगाची वेळ हे सगळे पुन्हा लिहून घेतले. पुढे मंजुरी मिळाली खरी, पण मोहोराच्या काळात सुरुंग लावण्याच्या वेळांवर बंधन आणि कुंपणालगत पाण्याचे फवारे अशा अटी त्या मंजुरीत आल्या. ‘चिंता व्यक्त केली’ या शब्दांतून अशी अट निघू शकली नसती.

हे त्या अधिकाऱ्यांनी औदार्याने केले असे समजू नये. सुनावणीच्या शेवटी कामकाजाचा सारांश उपस्थितांना स्थानिक भाषेत वाचून व समजावून दाखवायचा, आणि मान्य झालेल्या इतिवृत्तावर त्याच दिवशी अध्यक्षांची सही व्हायची, अशी अधिसूचनेच्या परिशिष्टातच तरतूद आहे. उपस्थित प्रत्येकाला माहिती वा खुलासा मागण्याची संधी द्यावी लागते, आणि सुनावणीला गणपूर्तीची अट नाही. तेव्हा बहिष्कार घालून मंडप रिकामा ठेवला तर सुनावणी रद्द होत नाही. ती झाल्याची नोंद होते, आणि आपले म्हणणे मात्र कागदावर कुठेच राहत नाही. गावाने बहिष्काराचा निर्णय घेतलाच, तर त्याची कारणे आणि प्रकल्पावरचे आक्षेप लेखी द्यावेत.

लेखी आक्षेपात ‘पर्यावरणाचा ऱ्हास होईल’ असे मोघम लिहू नये. विहिरी किती, उन्हाळ्यात त्यांना पाणी किती पुरुष खोलीवर असते, शाळा किती अंतरावर आहे, पऱ्ह्या म्हणजे ओढा कुठून वाहतो आणि अहवालातील नकाशात तो दाखवला आहे की नाही, हे लिहावे. गोव्यातील खाणीविरुद्ध उत्कर्ष मंडळाने केलेल्या याचिकेत दिल्ली उच्च न्यायालयाने 26 नोव्हेंबर 2009 रोजी स्पष्ट केले आहे की तज्ज्ञ समितीने सुनावणीतील आक्षेपांचा विचार केला पाहिजे, आणि ते का स्वीकारले किंवा नाकारले याची कारणे दिसली पाहिजेत. आक्षेप नेमका असेल तरच कारण मागता येते.

प्रश्न : आमच्या तालुक्यातील एका प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी मिळून पाच महिने झाले, हे आम्हाला काम सुरू झाल्यावर समजले. ग्रामपंचायतीच्या फलकावर काहीही लागले नव्हते. आता अपील करता येईल का? – एक माजी सरपंच, सोलापूर जिल्हा

उत्तर : आपले पत्र वाचून वाईट वाटले, कारण अशा प्रकरणांत न्याय बहुधा मुदतीपाशीच अडतो.

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण कायदा, 2010 च्या कलम 16 खाली मंजुरीविरुद्ध अपील करता येते. आपल्या राज्यासाठी न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागाचे पीठ पुण्यात आहे. मुदत आहे आदेश कळवला गेल्यापासून 30 दिवसांची. सबळ कारण दाखवले तर आणखी जास्तीत जास्त 60 दिवस. म्हणजे सगळे मिळून 90. एक्याण्णव्या दिवशी आलेल्या अपिलातील कारण कितीही खरे असले तरी न्यायाधिकरणाला ते दाखल करून घेण्याचा अधिकारच उरत नाही.

सगळा वाद म्हणून ‘कळवला गेल्यापासून’ या शब्दांवर होतो. मंजुरीची जाहीर माहिती देण्याची जबाबदारी कायद्याने तिघांवर टाकली आहे. मंजुरी देणाऱ्या प्राधिकरणाने ती शासकीय संकेतस्थळावर टाकायची, प्रकल्पधारकाने वर्तमानपत्रात जाहिरात द्यायची, आणि त्याच्याकडून प्रत मिळाल्यावर ग्रामपंचायत, नगरपालिका आदी संस्थांनी ती 30 दिवस फलकावर लावायची. अरुणाचलातील एका जलविद्युत प्रकल्पाच्या प्रकरणात, सेव्ह मोन रीजन फेडरेशनच्या अपिलावर 14 मार्च 2013 रोजी निकाल देताना न्यायाधिकरणाने म्हटले की अटींसह संपूर्ण मंजुरी लोकांना पाहता येईल अशा रीतीने खुली झाली, तरच ती कळवली गेली असे मानायचे. मात्र या तिघांपैकी ज्याने आपले काम सर्वांत आधी पूर्ण केले, त्याच्या तारखेपासून मुदत मोजायची.

याचा अर्थ, आपल्या फलकावर कागद लागला नाही हे खरे असले तरी तेवढ्यावर मुदत थांबत नाही. केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ या पर्यावरण मंजुऱ्यांच्या संकेतस्थळावर मंजुरी कधी आली, आणि ती अटींसह पूर्ण होती का, हे आधी तपासून घ्या. त्या दिवसापासून 90 दिवस उलटले असतील तर कलम 16 चा मार्ग बंद झाला असे धरून चालावे. तरीही दोन वाटा उरतात. मंजुरीतील अटींचा भंग होत असेल, तर तो मंजुरीला दिलेल्या आव्हानाहून वेगळा विषय आहे. त्यासाठी कलम 14 खाली कारण प्रथम घडल्यापासून सहा महिन्यांत अर्ज करता येतो. आणि हरित न्यायाधिकरण असले तरी घटनेच्या अनुच्छेद 226 खालील उच्च न्यायालयाचा याचिका ऐकण्याचा अधिकार संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 18 मे 2022 रोजी मध्य प्रदेशातील वकील संघटनेच्या प्रकरणात सांगितले आहे. मात्र तो अधिकार न्यायालयाच्या विवेकाधीन असतो, आणि आपण उशीर का केला हा प्रश्न तेथेही विचारला जाईल. ग्रामपंचायतीला प्रत मिळाली होती की नाही याचा आवक नोंदवहीतील उतारा म्हणूनच आजच काढून घ्यावा.

वेळेत केलेले अपील काय करू शकते, याचे जवळचे उदाहरण मोपा विमानतळाचे आहे. सिंधुदुर्गाला लागून असलेल्या पेडणे तालुक्यातील या प्रकल्पाला 28 ऑक्टोबर 2015 रोजी मंजुरी मिळाली होती. हरित न्यायाधिकरणाने ती कायम ठेवली. परंतु हनुमान लक्ष्मण आरोसकर यांच्या अपिलावर सर्वोच्च न्यायालयाने 29 मार्च 2019 रोजी ती स्थगित केली, कारण परिसरातील वने व संवेदनशील क्षेत्रांची माहिती अर्जात नीट उघड केलेली नव्हती आणि तज्ज्ञ समितीनेही ते पारखून घेतले नव्हते. फेरतपासणीनंतर 16 जानेवारी 2020 रोजी जादा अटींसह स्थगिती उठली आणि आज तेथून विमाने उडतात. काही जण याला पराभव म्हणतात. मला तसे वाटत नाही. जी माहिती पहिल्याच अर्जात द्यायला हवी होती ती द्यायला लावली गेली, आणि अटी वाढल्या. अपिलाच्या हक्काचे काम हेच आहे.

प्रश्न : आमच्या शेजारच्या एमआयडीसीत आलेल्या रासायनिक कारखान्यासाठी जनसुनावणी झालीच नाही. हे बेकायदेशीर नाही का? – एक वाचक, रायगड जिल्हा

उत्तर : तेवढ्यावरून बेकायदेशीर म्हणता येत नाही. मंजूर औद्योगिक वसाहतीतील प्रकल्पांना अधिसूचनेनेच जनसुनावणीतून सूट दिली आहे. इमारत बांधकामांना आणि ‘ब-2’ वर्गातील, म्हणजे आघात मूल्यांकन अहवाल लागत नाही अशा, प्रकल्पांनाही ती आहे. त्या वसाहतीला स्वतःची मंजुरी कोणत्या अटींवर मिळाली आहे, हे मात्र पाहावे.

आपल्या हाती एक अधिक उपयोगाचे साधन आहे. कारखान्याला 1974 च्या जल कायद्याखाली प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतीपत्र घ्यावे लागते. कलम 25 च्या उपकलम 6 प्रमाणे संमतीपत्रांतील अटींची नोंदवही मंडळाने ठेवायची असते, आणि संबंधित किंवा बाधित कोणाही व्यक्तीला ती पाहण्याचा हक्क आहे. ही तरतूद पन्नास वर्षांची आहे, पण उपप्रादेशिक कार्यालयात जाऊन ती मागणारा माणूस क्वचितच भेटतो. संमतीच्या आदेशाविरुद्ध कलम 28 खाली 30 दिवसांत राज्याच्या अपील प्राधिकरणाकडे जावे लागते, थेट हरित न्यायाधिकरणात नाही. तेथील निर्णयानंतर न्यायाधिकरण. ही पायरी चुकवल्यामुळे काय होते ते तमिळनाडूतील स्टरलाइट तांबे कारखान्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या 2019 च्या निकालाने दाखवून दिले आहे : न्यायाधिकरणाचा आदेशच रद्द झाला.

प्रश्न : आपण सारखा ‘अधिसूचना’ हा शब्द वापरता. लोकांचा हा हक्क कायद्यात का नाही? आपल्या लोकप्रतिनिधींनी या सगळ्या पद्धतीचा आढावा कधी घेतला आहे का? – एक निवृत्त शिक्षिका, पुणे

उत्तर : बाई, आपला प्रश्न माझ्या मते या विषयाच्या मुळाशी जातो. भोपाळच्या दुर्घटनेनंतर 1986 मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा आला. त्यात जनसुनावणी हा शब्द नाही. त्या कायद्याने दिलेल्या अधिकारातून केंद्र सरकारने 27 जानेवारी 1994 रोजी पहिली अधिसूचना काढली, 1997 मध्ये तिच्यात जनसुनावणी आली, आणि 2006 मध्ये सध्याची अधिसूचना आली. अपिलाचा हक्क संसदेने कायद्याने दिला आहे, तो काढायचा तर पुन्हा संसदेतच जावे लागेल. सुनावणीचा हक्क मात्र राजपत्रातील एका अधिसूचनेवर उभा आहे, आणि तो मंत्रालय दुसऱ्या अधिसूचनेने आकसवू शकते. एकाच हक्काचे हे दोन पाय असे वेगवेगळ्या जमिनीवर आहेत.

ही भीती काल्पनिक नाही. 28 मार्च 2020 रोजी, टाळेबंदीच्या पहिल्याच आठवड्यात, रस्ते व नळवाहिन्यांसारख्या प्रकल्पांसाठी माती उपसायला पूर्वमंजुरी नको अशी दुरुस्ती करण्यात आली. लोकांच्या हरकतींसाठी नियमाप्रमाणे द्यायचे 60 दिवस ‘लोकहिताच्या’ कारणावरून वगळले गेले. 21 मार्च 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती सूट रद्द केली, परंतु मधली चार वर्षे ती लागू होती. त्याच 2020 सालच्या नव्या अधिसूचनेच्या मसुद्यात नोटिशीचे 30 दिवस 20 वर आणण्याचा प्रस्ताव होता. तो मसुदा सर्व अनुसूचित भाषांत, म्हणजे मराठीतही, उपलब्ध करावा असा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाला द्यावा लागला. पुढे जानेवारी 2022 मध्ये तर मंजुरी किती लवकर दिली यावरून राज्य प्राधिकरणांना गुण देण्याचे परिपत्रक निघाले. वेगाला गुण ठेवले की ऐकून घेण्याला वेळ कुठून मिळणार?

लोकप्रतिनिधींनी मनावर घेतले तर काय होते, याचेही उदाहरण आहे. 2014 मध्ये टी. एस. आर. सुब्रमणियन यांच्या अध्यक्षतेखालील उच्चस्तरीय समितीने अवघ्या तीन महिन्यांत पर्यावरणाच्या मुख्य कायद्यांचा फेरविचार करून नवी मंजुरी यंत्रणा, नवे अपील मंडळ आणि जनसुनावणीवर मर्यादा सुचवल्या. तो अहवाल संसदेच्या विज्ञान, तंत्रज्ञान, पर्यावरण व वने विषयक स्थायी समितीने तपासला. जुलै 2015 मध्ये सादर झालेल्या 263 व्या अहवालात, विविध पक्षांच्या खासदारांच्या त्या समितीने सांगितले की एवढ्या महत्त्वाच्या कायद्यांच्या आढाव्याला तीन महिने अपुरे होते, या शिफारशींनी विद्यमान चौकट कमकुवत होईल, आणि हे काम पुरेसा वेळ देऊन नव्या समितीकडून करून घ्यावे. सुब्रमणियन समितीच्या शिफारशी तशाच्या तशा कायद्यात उतरल्या नाहीत. संसदीय समितीच्या खोलीत झालेले ते शांत काम मला रस्त्यावरच्या अनेक मोर्चांइतकेच मोलाचे वाटते.

न्यायालयावर सगळे सोपवून चालत नाही, हेही अलीकडे दिसले. मुंबईच्या वनशक्ती संस्थेच्या याचिकेवर 16 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने, आधी बांधकाम आणि मागाहून मंजुरी ही पद्धत बेकायदेशीर ठरवली. 18 नोव्हेंबर 2025 रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने दोन विरुद्ध एक मताने तो निकाल मागे घेतला आणि प्रश्न पुन्हा सुनावणीसाठी खुला केला. कायद्याच्या मजकुरातच ‘आधी मंजुरी’ हे निःसंदिग्ध असते, तर ही वेळ आली नसती.

आपल्या आमदारांकडेही काम आहे. पाणी हा राज्यांचा विषय असल्यामुळे जल कायदा घटनेच्या अनुच्छेद 252 खाली, म्हणजे राज्यांच्या ठरावांवरून संसदेने केला आहे. 2024 मध्ये संसदेने त्यात दुरुस्ती करून अनेक गुन्ह्यांसाठी कैदेऐवजी 10,000 ते 15 लाख रुपयांचा दंड आणला आणि काही वर्गांतील उद्योगांना संमतीपत्रातून सूट देण्याचा अधिकार केंद्राला दिला. ज्या राज्यांनी आधी ठराव करून ती मागितली नव्हती, त्यांच्या विधिमंडळाला ती स्वतः ठराव करून स्वीकारावी लागते. असा ठराव कोणत्याही सभागृहापुढे आला की तो आवाजी मतदानाने दोन मिनिटांत संपू नये, कोणत्या उद्योगांना सूट मिळणार आणि संमतीपत्रांच्या नोंदवहीचे काय होणार हे तेथे विचारले जावे, यासाठी आपण आपल्या मतदारसंघाच्या आमदारांना आजच पत्र लिहू शकता. विधिमंडळाची विनंती अर्ज समितीही आहे; नागरिकांचे अर्ज तिच्याकडे जाऊ शकतात. सुनावणीआधी संपूर्ण आघात मूल्यांकन अहवाल मराठीत मिळावा, ही मागणी तेथे नेण्याजोगी आहे.

प्रश्न : ग्रामपंचायत स्वतः हरित न्यायाधिकरणात जाऊ शकते का? खर्च किती येतो? – ग्रामपंचायत सदस्या, सातारा जिल्हा

उत्तर : होय. कायद्यातील ‘व्यक्ती’च्या व्याख्येत स्थानिक प्राधिकरणही येते, आणि कलम 18 प्रमाणे बाधित व्यक्ती किंवा प्रातिनिधिक संस्था अपील करू शकते. नुकसानभरपाई मागितलेली नसेल तर शुल्क 1,000 रुपये आहे. मराठी कागदांना इंग्रजी भाषांतर जोडावे लागते, आणि खरा वेळ व पैसा तेथेच जातो. म्हणून इतिवृत्त, आक्षेप आणि ग्रामसभेचे ठराव यांचे भाषांतर मंजुरीची वाट न पाहता सुनावणीनंतर लगेच करून ठेवावे. अपिलासाठी ग्रामपंचायतीचा स्वतंत्र ठराव घ्या, त्यात कोणाला सहीचा अधिकार दिला ते नावानिशी लिहा, आणि परिवेशवर मंजुरी दिसली त्या दिवसाच्या पानाची छापील प्रत फायलीत सर्वांत वर लावा.